जुना ट्रम्पेट घेताना आणि सुधारताना : वाचकांचे प्रश्न

जुन्या ट्रम्पेटच्या खरेदी-दुरुस्तीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. एकसारखे प्रश्न एकात मिळवले आहेत.

मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट शिकते आहे. पंधरा हजारांच्या आत घ्यायचा आहे. नवा स्वस्तातला घ्यावा की जुना चांगल्या कंपनीचा? कोणती नावं शोधावीत? – एक वाचक, सांगली

चालू अवस्थेतला जुना मिळत असेल तर जुनाच. अगदी स्वस्त नव्या ट्रम्पेटमध्ये पैसा वाचवला जातो तो पिस्टनमध्ये, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन दट्ट्यांमध्ये. ते मऊ धातूचे असतात, केसिंगमध्ये, म्हणजे ज्या नळकांड्यात ते वरखाली होतात त्यात, नीट जमवलेले नसतात आणि वर्षभरात अडकू लागतात. त्यांचे सुटे भागही मिळत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या जुन्या ट्रम्पेटचं गणित उलटं असतं. शाळेतली मुलं आपटणार हे धरूनच ते जाड पत्र्याचे आणि कणखर पिस्टनचे बनवले जात.

पहिली पसंती यामाहाच्या वायटीआर-२३२, २३२० आणि २३३५ या मॉडेलना द्या. पिस्टन मोनेल धातूचे, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे. ते गंजत नाहीत, झिजतातही सावकाश. सूर सरळ लागतो. सुटे भाग मिळण्याची शक्यता याच कंपनीत सर्वांत जास्त. सांगलीत बसून शोधणाऱ्याने आणखी पुढे पाहायची फारशी गरज नाही.

नातेवाईक अमेरिकेत असतील तर ओल्ड्सचा ‘अँबॅसेडर’ शोधायला सांगा. बेलवर, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडावर, ‘लॉस एंजेलिस’ कोरलेलं असेल तर तो १९५० च्या दशकाच्या मध्याआधीचा, ‘फुलर्टन’ असेल तर त्यानंतरचा. कंपनी १९७९ मध्ये बंद झाली. दोन्ही चांगले. लॉस एंजेलिसच्या नावाला संग्राहक जास्त पैसे मोजतात, वाजवणाऱ्याने मोजायचं कारण नाही. किंगचे ‘क्लीव्हलंड’ आणि ‘६००’, कॉनचा ‘डायरेक्टर’, होल्टनचा ‘कॉलेजिएट’ हेही याच पंगतीतले. गेट्झनचे पिस्टन टिकाऊपणासाठी नावाजलेले आहेत. इंग्लंडमधल्या नातेवाइकांना बूझी अँड हॉक्सचा ‘रीजंट’ किंवा त्यांनीच आयात केलेले ‘लाफ्लर’ सहज दिसतील. ते शिकायला पुरतात, पण पिस्टन बघूनच घ्यावेत.

मेरठला बनलेली वाद्यं आपल्याकडच्या जुन्या मालात भरपूर सापडतात. तिथली नादिर अली ही कंपनी १८८५ पासूनची. ही वाद्यं हातानं जुळवलेली असल्याने दोन नग सारखे निघत नाहीत. एखादा सुरेख वाजतो, शेजारचा अडखळतो. नावावर न जाता नग हातात घेऊन ठरवा.

आणि पंधरा हजारांत बाख स्ट्रॅडिव्हेरियस किंवा सेल्मर पॅरिस असा महागडा, व्यावसायिक ट्रम्पेट मिळत असेल तर आनंदून जाण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

जुन्या बाजारात विक्रेता पाच मिनिटांच्या वर वेळ देत नाही. तेवढ्यात काय तपासायचं? – एक वाचक, पुणे

पाच मिनिटं पुरतात. सोबत पिस्टन ऑइलची बाटली, छोटी टॉर्च आणि स्वतःचं माऊथपीस न्या.

आधी तिन्ही पिस्टन काढा. वरचं झाकण फिरवायचं आणि दांडीला धरून सरळ वर उचलायचं, मध्ये गोल फिरवत बसायचं नाही. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे असतात. ते आपापल्या घरात आहेत का बघा. वाद्याचा अनुक्रमांक मधल्या केसिंगवर असतो. काही कंपन्या त्याचे शेवटचे आकडे पिस्टनवरही कोरत. ते जुळत नसतील तर पिस्टन दुसऱ्या वाद्यातून आलेत, आणि परक्या घरातला पिस्टन कधीच नीट बसत नाही.

पिस्टनचा पृष्ठभाग एकसारखा राखाडी किंवा चकचकीत असावा. निकेलचा मुलामा जाऊन आतली पिवळी पितळ किंवा तांबूस झाक दिसत असेल तर झीज बरीच झाली आहे. उभ्या बारीक रेघा चालतात. नखाला लागणारी खोल चर चालत नाही.

आता प्रत्येक पिस्टनला पाच-सहा थेंब तेल घालून परत बसवा. कोरडा पिस्टन चांगला असला तरी हवा सोडतो, म्हणून तेलाशिवाय पुढची परीक्षा घेऊ नका. पिस्टन न दाबता त्याच्या नळीची स्लाइड, म्हणजे ओढून बाहेर काढता येणारा वाकाचा भाग, दोनेक सेंटिमीटर बाहेर ओढा, तीन-चार सेकंद तशीच धरा आणि मग पिस्टन दाबा. ‘पॉप’ असा ठसठशीत आवाज आला की हवा कुठून आत शिरलेली नाही. आवाज आला नाही तर लगेच पिस्टनला दोष देऊ नका. स्लाइडच सैल असू शकते. तिला थोडं घट्ट ग्रीस लावून पुन्हा बघा. ग्रीस लावल्यावरही आवाज नसेल, तर गळती पिस्टनमधून आहे. नव्या ट्रम्पेटमध्ये पिस्टन आणि केसिंग यांच्या व्यासातला फरक साधारण ०.०३ मिलिमीटर असतो. तो दुप्पट-अडीचपट झाला की वरचे सूर पातळ होतात आणि खालचे डगमगतात. पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून केसिंग घासून जुळवण्याचं काम करणारे थोडे, आणि त्याचा खर्च या किमतीच्या वाद्याला परवडत नाही.

मग चारही स्लाइड, तीन पिस्टनच्या आणि सूर जुळवायची मुख्य, हलतात का ते पाहा. मुख्य स्लाइड जाम असेल तर किंमत कमी करून घेता येते, कारण ती बहुतेक वेळा सुटते. नंतर लीडपाइप, म्हणजे माऊथपीसपासून मुख्य स्लाइडपर्यंतची सरळ नळी. ती डोळ्याच्या रेषेत धरा. वाकलेली असेल तर वाद्य पडलेलं आहे. पृष्ठभागावर गुलाबी-तांबडे ठिपके आणि मध्ये काळा बिंदू दिसला तर नळी आतून सडते आहे. याविषयी पुढे स्वतंत्र उत्तर आहे. बेल जिथून वळते तिथे सुरकुती आहे का बघा. बेलच्या कडेचा पोचा दिसायला वाईट असतो पण सुराचं फार नुकसान करत नाही. मधल्या केसिंगवरचा पोचा मात्र घेण्याचा बेत रद्द करायला पुरेसा आहे.

शेवटी वाद्य हलकेच हलवा. खडखड आली तर एखादा जोड सुटला आहे. झाळकाम जाणणारा तो थोडक्या पैशांत बसवून देतो.

लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, उडालेलं, रंग काळवंडलेला, पेटी फाटलेली असली तरी हे सगळं तुमच्या फायद्याचं. याच गोष्टींवरून भाव पाडा.

ऑनलाइन घेताना कोणते फोटो मागवावेत? – एक वाचक, ठाणे

तीन पिस्टन बाहेर काढून शेजारी ठेवलेले, लीडपाइप दोन्ही बाजूंनी जवळून, चारही स्लाइड बाहेर ओढलेल्या, आणि मधल्या केसिंगवरचा क्रमांक. “पिस्टन काढता येत नाहीत” असं उत्तर आलं तर ते अडकलेले आहेत असं धरा. बेलवरच्या नक्षीचे फोटो विक्रेते न मागता पाठवतात, त्यांचा निर्णयाला उपयोग नाही.

तीस वर्षं पेटीत पडून असलेला ट्रम्पेट मिळाला आहे. माऊथपीस, दोन पिस्टन आणि बहुतेक स्लाइड अडकल्या आहेत. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, नागपूर

पक्कड लांब ठेवण्यापासून. अशी वाद्यं बहुतेक काळानं खराब झालेली नसतात. पेटी उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात ती मोडली जातात.

माऊथपीस पक्कडीत धरून पिळलं तर लीडपाइपचे झाळलेले जोड निखळतात, कधी नळीच पिळवटते. दांडीच्या जोडावर झिरपणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी माऊथपीसच्या दांडीला बर्फ लावा आणि तिच्याभोवतीच्या बाहेरच्या नळीला हेअर ड्रायरनं ऊब द्या. बाहेरचा धातू प्रसरतो, आतला आकुंचतो. त्या नळीवर लाकडी दांड्यानं सगळीकडून हलक्या टिचक्या मारत हातानं फिरवून बघा. एवढ्यानं सुटलं नाही तर यासाठीचं ओढयंत्र, ज्याला पुलर म्हणतात, ते असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याला दोन मिनिटं लागतात.

पिस्टनसाठी आधी खालची झाकणं काढा. ती अडकली असतील तर कडेवर लाकडानं टिचक्या आणि ड्रायरची ऊब. खालून तेल सोडा, वरून दांडीभोवतीही सोडा, वाद्य उलटं-सुलटं करून दिवसभर ठेवा. वरचं झाकण पूर्ण सोडवल्याची खात्री करून, बारा मिलिमीटर जाडीच्या लाकडी दांड्यानं पिस्टनच्या तळाला सरळ, हलका दाब द्या. स्क्रूड्रायव्हर वापरला तर पिस्टनचा तळ फाटतो. हातोडीचा मोह झाला तर आणखी एक दिवस तेलात ठेवा.

स्लाइडच्या नळ्यांच्या जोडावर तेल सोडून रात्रभर थांबा. मग स्लाइडच्या वाकातून सुती पट्टा ओवा, वाद्य मांडीत घट्ट धरा आणि पट्ट्याला नळीच्या रेषेत झटके द्या. पिस्टनच्या स्लाइडला झटका देताना तो पिस्टन दाबलेला हवा, नाहीतर आतली पोकळी तिला मागे खेचते. गॅसची ज्योत वापरू नका. जोडांतलं मऊ झाळण १८३ अंश सेल्सिअसपासून वितळायला लागतं. स्लाइड सुटण्याआधी दुसराच जोड गळून पडतो.

सगळं सुटल्यावर अंघोळ. पिस्टन, स्प्रिंगा आणि बटणाखालच्या, झाकणाखालच्या लोकरी चकत्या, म्हणजे फेल्ट, वेगळे काढा. फेल्ट पाण्यात घालायचे नाहीत. टबात कोमट पाणी, फार तर ४० अंशांचं. कढत पाण्यानं जुनं लॅकर पापुद्र्यासारखं सुटतं. भांड्यांचं द्रव साबण दोन चमचे, अर्धा तास भिजवणं, मग लवचीक ब्रशनं प्रत्येक नळी आतून घासणं. लीडपाइपमधून पहिल्यांदा जे निघेल ते बघून घाबरू नका.

साबणानं न जाणाऱ्या पांढऱ्या-हिरव्या थरासाठी एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. भाग दहा मिनिटं बुडवा, फार तर पंधरा. त्याहून जास्त ठेवलं तर पितळेवर गुलाबी झाक येते. नंतर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवा आणि वाहत्या पाण्यात भरपूर धुवा. पिस्टनला पाच मिनिटं पुरे. केसिंगमध्ये ब्रशऐवजी बिनधाग्यांचं कापड गुंडाळलेली काठी फिरवा.

वाळल्यावर स्लाइडला लॅनोलिन किंवा पेट्रोलियम जेली, पिस्टनला तेल. पिस्टन बसवताना मार्गदर्शक खाचेत ‘टक्’ बसेपर्यंत हळू फिरवा. फुंकल्यावर हवा अजिबात जात नसेल तर नव्वद टक्के वेळा पिस्टन आकड्याप्रमाणे बसलेले नसतात.

घरी तांब्या-पितळेची भांडी पितांबरीनं लख्ख होतात. ट्रम्पेटला चालेल का? – एक वाचिका, कोल्हापूर

नाही. समईवर थोडी पितळ घासली गेली तर काही बिघडत नाही. ट्रम्पेटच्या बेलचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यावर लॅकर किंवा चांदीचा थर असतो, तो आधी जातो. पुडीतले कण पिस्टनपर्यंत पोचले की तिथे पॉलिश पेपरचं काम करतात. चिंच-मीठ तर त्याहून वाईट, कारण मिठातलं क्लोराइड फटींत राहून पितळेतलं जस्त खात बसतं.

ब्रासोसारख्या पॉलिशबाबतही सावध राहा. जुन्या धाटणीच्या धातू-पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि ताणाखालच्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. याचा शोध आपल्याच देशातल्या पावसाळ्यामुळे लागला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात आणि पावसाळ्यात ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हे कारण १९२१ मध्ये पक्कं झालं. बेलच्या कडेला दुमडून बसवलेली तार, वाकवलेल्या नळ्या, सगळीकडे असा ताण असतो.

लॅकर असलेल्या वाद्याला ओलं मऊ फडकं पुरे. चांदीच्या मुलाम्याला चांदीचं फडकं, तेही महिन्यातून एकदा. उघड्या पितळेला काळपटपणा येऊ द्या. त्यानं आवाज बिघडत नाही.

आजोबांचं ‘हॉक्स अँड सन’ असं लिहिलेलं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आटोपशीर वाद्य) आहे. वाजतं छान, पण कीबोर्डपेक्षा सगळे सूर चढे लागतात. दोष कशात? – एक वाचक, मडगाव

दोष नाही, ते त्या काळाचं आहे. हॉक्स अँड सन १९३० मध्ये बूझी अँड कंपनीत मिळाली आणि बूझी अँड हॉक्स झाली. म्हणजे तुमचं कॉर्नेट त्याआधीचं. तेव्हा इंग्लंडमधली बरीच बँडवाद्यं चढ्या पट्टीत बनत, ए स्वर ४५२.५ हर्ट्झवर. आज तो ४४० वर धरतात. फरक साधारण अर्ध्या पट्टीच्या अर्धा आहे, म्हणून ट्यूनरचा काटा दोन सुरांच्या मध्येच लटकतो.

खात्रीसाठी मुख्य स्लाइड पूर्ण आत ठेवून, पिस्टन न दाबता मधला सूर वाजवा. बी फ्लॅटचं वाद्य असेल तर तो हार्मोनियमच्या काळी पाचवर यायला हवा. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध येत असेल तर निदान पक्कं.

उपाय नळी लांब करण्याचा. बी फ्लॅट वाद्याच्या नळीची लांबी १.४८ मीटरच्या आसपास असते. चढी पट्टी उतरवायला त्यात ४१ मिलिमीटर वाढवावे लागतात. स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की हवेचा मार्ग दोन सेंटिमीटरनं वाढतो, म्हणून मुख्य स्लाइड आत्ताच्या जागेपेक्षा वीस-एकवीस मिलिमीटर बाहेर हवी. बहुतेक जण इथेच थांबतात आणि मग “उघडे सूर जुळतात, दाबलेले नाहीत” अशी तक्रार करतात. पिस्टनच्या नळ्याही त्याच प्रमाणात वाढवायला हव्यात : पहिल्याची स्लाइड अडीच मिलिमीटर, दुसऱ्याची एक, तिसऱ्याची चार. स्लाइडवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवा.

एवढं ओढल्यावर मुख्य स्लाइडचा एक सेंटिमीटरही भाग आत राहत नसेल तर ती डळमळते. मग दुरुस्तीवाल्याकडून त्याच जाडीच्या नळीची लांब पायांची नवी स्लाइड बनवून घ्या. मूळ स्लाइड कापू देऊ नका, जपून ठेवा. आणि या कॉर्नेटला ट्रम्पेटचं माऊथपीस जबरदस्तीनं बसवू नका, त्याची दांडी जाड असते.

ट्रम्पेट पडल्यापासून मधला पिस्टन वर येताना अडकतो. तेल बदललं, स्प्रिंग बदलली, फरक नाही. – एक वाचक, नाशिक

दुसऱ्या पिस्टनची छोटी स्लाइड बाहेरच्या बाजूला उघडी असते. वाद्य त्या अंगावर पडलं की धक्का थेट मधल्या केसिंगला बसतो आणि ते किंचित लंबगोल होतं. स्लाइडच्या वाकावर पोचा दिसतो का बघा. पिस्टन तेल न लावता अलगद सोडा. एकाच उंचीवर येऊन तो थांबत असेल तर केसिंगच दबलेलं आहे. तिथे मापाचा पोलादी दांडा आत घालून गोलाई परत आणावी लागते. हे काम घरचं नाही.

पिस्टनला टूथपेस्ट किंवा ग्राइंडिंग पेस्ट लावून “बसवून” घेण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो विसरा. अडकणं थांबेल, पण सगळीकडून धातू जाऊन पिस्टन कायमचा गळका होईल.

पिस्टनला खोबरेल तेल चालतं का? – एक वाचक, जळगाव

नाही. ते २४ अंशांखाली गोठतं. जळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी पिस्टन वर येणार नाही. उन्हाळ्यात ते चालतं खरं, पण हवेनं चिकट होऊन थर धरतं. शिलाई मशीनचं तेल जाड पडतं. गंज सोडवणारे फवारे सुटे भाग मोकळे करायला ठीक, वंगण म्हणून नाहीत.

झिजलेल्या जुन्या पिस्टनसाठी थोडं दाट कृत्रिम तेल मिळतं. यामाहाच्या तीन प्रकारांपैकी ‘व्हिंटेज’ नावाचं तेल त्याचसाठी आहे. फट तेलानं भरून निघते आणि अर्धवट गळका पिस्टन बऱ्यापैकी हवाबंद होतो. नव्या, घट्ट पिस्टनला तेच तेल घातलं तर बोटं जड वाटतील. रोज वाजवण्याआधी प्रत्येकी तीन-चार थेंब.

लीडपाइपवर गुलाबी ठिपके आहेत. किती दिवस तग धरेल? – एक वाचक, सोलापूर

ठिपका बाहेर दिसतो तेव्हा सडण्याचं काम आतून पार पडत आलेलं असतं. थुंकी आणि ओलाव्यानं पितळेतलं जस्त विरघळतं, मागे तांब्याची सच्छिद्र जाळी उरते. घासून ते जात नाही. मुख्य स्लाइड काढून टॉर्चनं आत पाहा. घाणीचा थर असेल तर आधी सायट्रिकनं धुवा. धुतल्यावर छिद्र उघडं पडलं तर दोष धुण्याचा नाही, घाणीनंच ते बुजलेलं होतं.

नखानं दाबल्यावर ठिपका दबत नसेल तर वाजवत राहा, रोज वाजवून झाल्यावर पाणी काढून नळी कोरडी करा. दबत असेल तर नळी बदलावी लागणार. यामाहा, ओल्ड्स, बाख यांच्यासाठी बदली लीडपाइप परदेशात मिळतात. अनोळखी वाद्याला त्याच व्यासाची नळी जुळवावी लागते आणि सूर थोडा बदलतो. बदलताना ८५ टक्के तांब्याची तांबूस पितळ मागा, ती कमी सडते.

धुऊन-पुसून सगळं ठीक केलं. पॉपही येतो. तरी आवाज कोंदल्यासारखा येतो. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दोन जागा बघा. पहिली, पाणी सोडण्याच्या चावीचा कॉर्क. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. मुख्य स्लाइड काढा, एक टोक बोटानं बंद करा, दुसऱ्या टोकानं हवा ओढून जिभेनं बंद करा. स्लाइड जिभेला चिकटून राहिली नाही तर कॉर्क गळतो. बाटलीच्या चांगल्या बुचातून चावीच्या वाटीत बसेल एवढी, बहुधा नऊ-दहा मिलिमीटर व्यासाची चकती कापा. चावीची वाटी मेणबत्तीवर किंचित तापवून त्यात लाखेचा थेंब सोडा, चकती बसवा आणि चावी मिटवून थंड होऊ द्या. छिद्राची गोल खूण कॉर्कच्या मध्यभागी उमटली पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे फेल्ट. ते दबून पातळ झाले की पिस्टनची भोकं नळ्यांच्या समोर येत नाहीत आणि हवेला पायरी लागते. दुसऱ्या पिस्टनची स्लाइड काढून तो दाबून धरा आणि टॉर्च टाका. नळीच्या तोंडाशी चंद्रकोर दिसली तर पिस्टन जास्त खाली जातो, बटणाखालचा फेल्ट जाड हवा. न दाबलेली स्थिती तिसऱ्या पिस्टनवर बघता येते : मुख्य स्लाइड काढा आणि केसिंगमध्ये शिरणाऱ्या नळीतून बघा. इथे पिस्टन जास्त वर येत असेल तर वरच्या झाकणाखालचा फेल्ट किंवा कॉर्क गेला आहे. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे दाट लोकरी फेल्ट मिळतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा घ्या, गोल पंचानं कापा, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं जुळवा. हे वाचायला किचकट वाटतं पण जुन्या ट्रम्पेटमध्ये एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

जुन्या वाद्यासोबत आलेलं माऊथपीस वापरावं का? – एक वाचिका, मुंबई

कडेचा मुलामा उडून पितळ ओठाला लागत असेल तर नाही. चांदीचा मुलामा देऊन घ्या किंवा नवं घ्या. शिकणाऱ्याला बाख ७सी (वाटीचा व्यास १६.२० मिलिमीटर) किंवा ५सी (१६.२५) योग्य. माऊथपीस साधारण अडीच सेंटिमीटर आत जावं. फारच आत जात असेल किंवा डुगडुगत असेल तर ते दुसऱ्या वाद्याचं आहे.

पोचे काढून, बफिंग करून, नवं लॅकर मारून ट्रम्पेट नव्यासारखा करून देतो असं एकानं सांगितलं. करून घेऊ? – एक वाचक, अमरावती

पोचे हो, बाकी नको. लीडपाइप आणि मुख्य स्लाइडच्या वाकावरचे पोचे आधी काढून घ्या, कारण तिथे नळी अरुंद असते आणि छोटा पोचाही सूर हलवतो. बेलवरचे सवडीनं. काम देण्याआधी त्याच्याकडे पोलादी गोळे आणि बेलच्या आकाराचा दांडा आहे का विचारा. नुसत्या हातोडीनं ठोकणारा पत्रा ताणून ठेवतो.

बफिंग मशीन बेलचा पत्रा पातळ करतं, नक्षी बोथट करतं आणि पॉलिशची पेस्ट केसिंगमध्ये सोडतं. तेवढ्या पैशात फेल्ट, कॉर्क, स्प्रिंगा, तेल आणि एक चांगलं माऊथपीस येतं.

कोकणातल्या पावसाळ्यात वाद्य कसं ठेवावं? – एक वाचक, रत्नागिरी

वाजवल्यावर तिन्ही पिस्टन एकेक दाबत फुंकून पाणी काढा, मुख्य स्लाइड काढून लीडपाइपमधून कापड ओढा आणि पेटी लगेच बंद करू नका, अर्धा तास उघडी राहू द्या. जुन्या पेटीचं अस्तर ओलावा धरतं. बुरशीचा वास येत असेल तर अस्तर बदला किंवा साधी नवी पेटी घ्या. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरा. रबर बँड, फोमचे तुकडे पेटीत नकोत, रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. न वाजवता ठेवायचं झालं तरी आठवड्यातून एकदा पिस्टन हलवा आणि सगळ्या स्लाइड थोड्या ओढून परत आत घाला. चार महिने पेटी बंद राहिली तर सप्टेंबरात हेअर ड्रायर आणि पट्टा काढावा लागेल.